ठासणीची बंदूक : एका वेळी एकच बार

रायपूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत 'भरमार' हा शब्द वर्षानुवर्षं दोन ठिकाणी हमखास भेटत आला. एक, सणासुदीच्या जाहिरातीत : 'सवलतींची भरमार'. दुसरा, बस्तरच्या बातमीत : 'भरमार बंदूक जप्त'. पहिल्या भरमारचा अर्थ रेलचेल. दुसरी भरमार म्हणजे आधी भरायची आणि मग मारायची बंदूक. तिच्या नळीच्या तोंडातूनच दारू आणि गोळी आत सोडायची, गजानं ठासायची आणि मग बार काढायचा. मराठीत तिला म्हणतात ठासणीची बंदूक.

ही बंदूक आज अनेकांनी पाहिलेलीही नसेल, पण तिची भाषा मराठी माणूस रोज बोलतो. तो आपलं म्हणणं 'ठासून' सांगतो, पाहुण्यांवर प्रश्नांची 'सरबत्ती' करतो, मुलीच्या लग्नाचा 'बार' उडवतो आणि एखादा बेत फसला की 'फुसका बार निघाला' म्हणून हात झटकतो.

बस्तरमधल्या हिंसाचारामुळे छत्तीसगडात या बंदुकीच्या नावाला भीती चिकटली. नक्षलवाद्यांकडून जप्त झालेल्या हत्यारांच्या यादीत ती सतत असायची. पण याच बंदुकीवर जगात हजारो माणसं छंद म्हणून जीव टाकतात. तिच्या स्पर्धा होतात, पदकं मिळतात, लोक सुट्टीच्या दिवशी लाकूड तासत आणि पितळ घासत बसतात. मग रायपूरच्या एखाद्या हौशी माणसाला या छंदाची गोडी लागली, तर त्यानं काय करावं? आणि मुख्य म्हणजे, काय करू नये?

दातानं तोडलेलं काडतूस

ठासणीची बंदूक कशी चालते हे समजून घ्यायला शाळेतला १८५७ चा धडा आठवावा. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे या बातमीनं शिपाई बिथरले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण काडतूस दातानं तोडायचंच कशाला, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

त्या वेळचं काडतूस म्हणजे आजच्यासारखी पितळी नळी नव्हती. ती कागदाची पुडी होती. पुडीत एका बाराला पुरेल एवढी दारू आणि पुढे शिशाची गोळी. कागद ओला होऊ नये आणि गोळी नळीतून सहज उतरावी म्हणून त्याला वंगण. शिपायाचा एक हात बंदुकीत गुंतलेला, म्हणून पुडीचं टोक दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची आणि गजानं खालपर्यंत ठासायची. ज्या एन्फील्ड रायफलीमुळे एवढं रामायण घडलं, ती १८५३ ची नवी कोरी रायफल ठासणीचीच होती. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी हत्यार उचललं तेव्हा पलटणींत सगळीकडे अशाच बंदुका होत्या.

रायपूरलाही त्या वर्षीचा चटका बसला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटलं. १० डिसेंबर १८५७ ला त्यांना रायपुरात फाशी देण्यात आलं. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ ला, तिथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. त्यांचा हुद्दा होता 'मॅगझीन लष्कर', म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस. त्यांच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीला फाशी झाली. हनुमानसिंह मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

त्याच्याही आधी, १७४१ साली, नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन रतनपूरवर चालून आले होते. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. रायपूर-बिलासपूरकडच्या जुन्या मराठी घराण्यांच्या आठवणी या काळापर्यंत पोहोचतात. त्या फौजांतल्या बरकंदाजांच्या खांद्यावर होती ती हीच तोंडानं भरायची बंदूक.

तोडा, गार आणि टोपी

सगळ्या ठासणीच्या बंदुका सारख्या नसतात. दारूला आग कशी पोचवायची, यावरून त्यांच्या तीन पिढ्या मानल्या जातात.

पहिली तोडेदार बंदूक. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती विस्तवासारखी धुमसत राहते. चाप ओढला की तिचं जळतं टोक नळीच्या कानाशी ठेवलेल्या चिमूटभर बारीक दारूवर टेकतं. या दारूला रंजक म्हणतात. रंजक पेटली की आग कानातून आत शिरते आणि बार होतो. पावसात मात्र या बंदुकीची काठी व्हायची.

दुसरी गारेची. तिच्या घोड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. तो पोलादावर आपटून ठिणग्या पाडतो. जळती दोरी सांभाळायची कटकट गेली, पण रंजकेचा भपका तसाच राहिला.

तिसरी टोपीची. तिच्या जन्माची हकिगत मजेदार आहे. अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे एक स्कॉटिश पाद्री होते. त्यांना बदकांच्या शिकारीचा भारी नाद. पण रंजकेचा भपका दिसला की गोळी पोचायच्या आत बदकं उडून जायची. तेव्हा त्यांनी नुसत्या ठोक्यानं पेटणारं रसायन वापरून नवा चाप बनवला आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. घोडा टोपीवर आपटला की बार. भारतातल्या खेड्यापाड्यांत ज्या ठासणीच्या बंदुका अजून दिसतात, त्या बहुतेक टोपीच्या.

या इतिहासात गोव्याचं नाव मानानं घेतलं जातं. १५१३ साली अफोन्सो द आल्बुकर्क यानं पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्याच्या बंदूक कारागिरांची वाखाणणी केली होती. त्यानंतर ३० वर्षांनी, १५४३ मध्ये, पोर्तुगीजांबरोबर तोडेदार बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली. जपानी बंदुकीच्या चापाचं मूळ गोवा-मलाक्का भागातल्या कारखान्यांत असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

अर्ध्या तासात तेरा बार

तानेगाशिमा हे नाव आज एका स्पर्धाप्रकाराला दिलं आहे. ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 'मझल लोडर्स असोसिएशन्स इंटरनॅशनल कमिटी'. तिच्या जागतिक स्पर्धा १९७१ पासून भरतात. अमेरिकेतली या छंदाची राष्ट्रीय संघटना तर १९३३ सालची आहे. तिचं ठाणं इंडियाना राज्यातल्या ज्या गावी आहे, त्या गावाचं नावच 'फ्रेंडशिप'!

स्पर्धेचा साधारण नियम असा : ३० मिनिटांत १३ बार, त्यातले सर्वांत चांगले १० मोजायचे. अंतर बहुधा ५० किंवा १०० मीटर. खऱ्या जुन्या बंदुकांचा गट वेगळा आणि नव्यानं बनवलेल्या नकलांचा वेगळा. दारू मात्र जुन्या पद्धतीची काळी दारूच हवी.

अर्ध्या तासात तेराच बार? आजच्या हत्यारांपुढे ही गती हसण्यासारखी वाटेल. पण या छंदाची सगळी गंमत तिथंच आहे. प्रत्येक बारासाठी दारू मापात घ्यायची. ती थेट मोठ्या डब्यातून नळीत कधीच ओतायची नाही, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत जिवंत असेल तर डबाच हातात उडेल. मग वंगण लावलेल्या कापडाच्या चकतीत गोळी धरायची. या चकतीसाठी जुने लोक गादी-उशीच्या खोळीचं घट्ट सुती कापड पसंत करतात. गोळी एकसारख्या जोरानं ठासायची. गज बाहेर काढायला विसरायचं नाही! घाईघाईत गजासकट बार काढणारे बहाद्दर प्रत्येक देशात होऊन गेले आहेत.

एवढं झाल्यावर नेम. चाप ओढला आणि गोळी सुटली, यांच्यामध्ये या बंदुकीत क्षणभराचं अंतर पडतं. गारेच्या बंदुकीत तर डोळ्यांसमोर भपका उडतो आणि बार त्यानंतर होतो. त्या क्षणात ज्याचा हात हलला, त्याची गोळी भरकटली. म्हणून या छंदातला पहिला धडा असा, की चाप ओढल्यावरही नेम ढळू द्यायचा नाही. मग पांढऱ्या धुराचा लोट आणि गंधकाचा वास. धूर विरेपर्यंत गोळी कुठं लागली हे कळतही नाही.

सुट्टीतला कारखाना

नेमबाजीइतकाच वेळ या छंदात हत्याऱ्यांच्या पेटीशी जातो. काळी दारू जळाली की मागे काजळी उरते. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडाला गंज चढवते. त्यामुळे 'उद्या साफ करू' ही सबब इथं चालत नाही. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण घेऊन नळी धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा. दसऱ्याला शस्त्रं घासून-पुसून पूजणाऱ्या घरांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

परदेशातले हौशी लोक याच्या पुढे जातात. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरतात, त्याला आठवडाभर तेल मुरवतात, पितळेच्या पट्ट्या बसवतात, बैलाच्या शिंगाचं दारूदान आणि कातड्याचं तोसदान बनवतात. साच्यात शिशाच्या गोळ्या ओततात. शिसं सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, आणि त्याची वाफ व धूळ अंगात गेली तर विषारी असते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, मुलाबाळांपासून दूर करायचं, आणि हात स्वच्छ धुतल्याखेरीज घास तोंडात घालायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे.

इटलीत तर जुन्या बंदुकांच्या हुबेहूब नकला बनवणारे कारखाने आहेत. अमेरिकेत केंद्रीय कायद्याच्या दृष्टीनं ठासणीची बंदूक बहुतांशी 'प्राचीन वस्तू' ठरते. जपानमध्ये जुन्या तोडेदार बंदुकीची नोंद प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे कलावस्तू म्हणून होते. हे सगळं वाचून कुणालाही हुरूप येईल. पण रायपूरच्या हौशी माणसानं इथंच थबकायला हवं. आपला कायदा वेगळा आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात बंदूक जुनी आहे की नवी, तोंडानं भरते की मागून, हे न पाहता परवाना लागतो. १८७८ च्या इंग्रजी कायद्यानं हे बंधन घातलं. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानंही परवान्याची अट कायम ठेवली. बंदूक बनवायला आणि दुरुस्त करायलाही वेगळा परवाना हवा. नळी कापून आखूड करणं किंवा खोट्या बंदुकीची खरी करणं हा गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षा आणखी कडक केल्या, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं. दारू घरी बनवण्याचा विचारही करू नये. तिथं १८८४ चा स्फोटकांचा कायदा लागतो, आणि कायद्याच्या आधी अपघात गाठतो.

पण या कायद्यात ठासणीच्या बंदुकीला एक मानाची जागाही आहे. कलम १३ मध्ये तिचा नाव घेऊन उल्लेख येतो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी तिचा परवाना मिळण्याची तरतूद तिथं केलेली आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले बागायतदार रानडुकरं आणि माकडांपासून भात-नारळ वाचवायला याच शेतीसंरक्षण परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगत आले. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, आणि मधल्या काळात डुकरांनी शेत उकरलं की कपाळाला हात लावायचा, हे तिथलं नेहमीचं रडगाणं. मात्र पिकासाठी मिळालेला परवाना शिकारीसाठी चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची हौस कायमची बंद केली आहे.

देशात बंदुकीचा सण उघडपणे साजरा होतो तो कर्नाटकातल्या कोडगूत. तिथल्या कोडवा समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली. सप्टेंबरमध्ये येणाऱ्या कैलपोढ सणाला तिथं बंदुका फुलांनी सजवून पूजतात आणि नंतर नारळावर नेमबाजीची चढाओढ लागते. ही सूट त्यांची. ती आपल्यालाही लागू आहे असं समजून कुणी वागू नये.

माळ्यावर सापडलेली बंदूक

सगळ्यात नाजूक प्रश्न वेगळाच असतो, आणि तो छंद नसलेल्या घरांनाही पडतो. जुना वाडा पाडायला काढला किंवा आजोबा गेल्यावर माळा आवरायला घेतला, की पोत्यात गुंडाळलेली एक लांबलचक गंजकी बंदूक निघते. परवाना कुठं आहे कुणाला ठाऊक नसतं. मुलं ती खांद्याला लावून फोटो काढायला धावतात. अशा वेळी काय करावं?

पहिली गोष्ट, ती भरलेली आहे असंच धरून चालावं. ठासणीची बंदूक बाहेरून भरलेली की रिकामी, हे नुसतं बघून कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८ व्या शतकातली एक तोफ होती. जानेवारी २०१३ मध्ये कर्मचारी ती साफ करायला बसले, तेव्हा आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू तशीच निघाली. एवढी वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. म्हणून घरात निघालेल्या बंदुकीचा घोडा ओढून पाहू नये, नळीत डोकावू नये, गज घालून खरवडू नये आणि ती चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. मुलांना खोलीबाहेर काढावं.

दुसरी गोष्ट, ती लपवू नये. कलम २१ प्रमाणे, परवाना संपला किंवा परवानाधारक वारला, तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. ती पिशवीत घालून नेण्यापेक्षा ठाण्यावर आधी कळवावं, माहीतगार वकिलाचा सल्ला घ्यावा आणि जमा केल्यावर पावती घ्यावी. जमा केली म्हणजे गेली, असं नाही. वारसाला रीतसर परवाना काढून ती परत मिळवता येते किंवा विकता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तर परवानाधारक हयात असतानाच, तो ७० वर्षांचा झाल्यावर किंवा त्यानं बंदूक २५ वर्षं बाळगल्यावर, वारसाच्या नावे परवाना मागण्याची सोय आहे. मुदतीत कुणीच दावा केला नाही, तर मात्र बंदूक सरकारजमा होते.

तिसरी गोष्ट, तिची किंमत ओळखावी. जुन्या घडणीची आणि दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशी बंदूक कलम ४५ खाली परवान्यातून सुटू शकते. मात्र ती तशी आहे की नाही, हे आपलं आपण ठरवू नये. ते अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी बंदूक पुरावस्तू ठरू शकते आणि ती परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. घरात ठेवणं शक्यच नसेल, तर वस्तुसंग्रहालयाला देता येईल का, हे विचारून पाहावं.

रायपूरकर हौशी माणसासाठी

परवाना, दारू आणि बंदूक यांपैकी काहीही हातात नसताना या छंदाची सुरुवात करता येते, आणि ती स्वस्तात होते.

रायपूरचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ सालचं आहे, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक. तिथं जुनी शस्त्रंही मांडलेली आहेत. रेल्वेनं नागपूरला उतरलं तर १८६३ चा अजब बंगला आहे, तिथंही शस्त्रांचं दालन आहे. पुण्यात केळकर संग्रहालय आहे. वही-पेन्सिल घेऊन एकेका बंदुकीसमोर उभं राहावं. तोडा, गार की टोपी? कान कुठल्या बाजूला आहे? दस्त्याचं लाकूड कोणतं, नळीवर नक्षी कशी, गज कुठं अडकवला आहे? अशी दहा बंदुकांची टिपणं झाली की अकराव्या बंदुकीचा काळ ओळखण्यात कोड्याची मजा येते.

हाताला काम हवं असेल तर सागवान-शिसवीवर कोरकाम शिकावं, कातड्याचं तोसदान शिवावं, गारेच्या चापाची लाकडी प्रतिकृती फळीवर बसवून तो कसा चालतो हे मुलांना दाखवावं. ज्यातून कधीच काही उडू शकणार नाही, तेवढंच घरी बनवावं.

नेम धरायचाच असेल, तर मान्यताप्राप्त रायफल क्लबमधली एअर रायफल हा सरळ रस्ता. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकारानं. एअर रायफलही एका वेळी एकच गोळी भरते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्णपदक घेतलं ते एअर रायफलवर. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं कांस्यपदक आणलं, त्या ५० मीटर रायफलमध्येही प्रत्येक गोळी वेगळी भरावी लागते. श्वास आवरायचा, चाप अलगद ओढायचा आणि नंतरही हात हलू द्यायचा नाही, हा धडा ठासणीच्या बंदुकीचाच आहे.

आणि ज्यांच्या घरात परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांनी एवढं करावं : नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहावी, दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी, बंदूक आणि दारू वेगवेगळ्या कुलपांत ठेवाव्यात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिची हकिगत लिहून घ्यावी. ती कुणी घेतली, कुठल्या कारागिरानं बनवली, कुठल्या शेतावर ती जागली? आजोबांची बंदूक घरात राहावी असं वाटत असेल, तर आजोबा हयात असतानाच परवान्यावर पुढचं नाव चढवण्याची खटपट सुरू करायला हवी.